‘तुंबाड’चा शेवट: पांडुरंगाने लंगोट नाकारला, तो भीतीने की तृष्णा ओळखून?

वसुधा_वाचते

(खाली चित्रपटाचा शेवट उघड केला आहे. बघायचा राहिला असेल तर आधी बघून घ्या.)

‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा माझा राहून गेला होता. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा मुलीबरोबर जाऊन पाहिला. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. लोक त्याला भयपट म्हणतात. मला तो आधी पुराणकथा वाटला, नव्याने रचलेली पण जुन्या हाडाची. धम्मपद आणि सुत्तपिटकातली काही सुत्तं, म्हणजे बुद्धाची प्रवचनं, मी मराठी अनुवादातून वाचत असते, पण कुणाकडे रीतसर शिकलेले नाही. इथे पालीचे जाणकार आहेत, म्हणून विचारते आहे.

हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. देवीकडे सोनं आणि धान्य, दोन्ही अमर्याद. त्याने सोनं बळकावलं, पण धान्याला हात घातला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवलं, पण त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. तेव्हापासून तो तिच्या गर्भात आहे. जवळ कधी न संपणारं सोनं आणि पोटात अन्नाचा कण नाही. चित्रपटाचा नायक विनायक तुंबाडच्या वाड्याखालच्या त्या गर्भात पिठाची बाहुली घेऊन उतरतो, हस्तर तिच्यावर झडप घालतो, आणि तो खाण्यात गुंतलेला असताना विनायक त्याच्या लंगोटातून मोहरा झाडून घेतो.

हे दृश्य बघताना मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्या लाल, ओलसर गर्भात दोघे समोरासमोर आहेत. एकाला पीठ हवं आहे, दुसऱ्याला सोनं. विनायकाच्या लेखी पीठ म्हणजे आमिष, हस्तरच्या लेखी सोन्याला काही किंमतच नाही. दोघांनाही समोरच्याकडचं हवं, दोघांनाही ते मिळतं, आणि तरी दोघेही पुन्हा पुन्हा तिथेच भेटतात. दुःखाचा उगम कुठे आहे हे इतक्या उघडपणे दाखवणारा प्रसंग मी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. विनायक लोभी आहे, पण वखवखलेला नाही. तो पिठाचं रिंगण आखतो, बाहुली किती वेळ पुरेल याचा अंदाज बांधतो, तेवढ्यात पडतील तेवढ्या मोहरा गोळा करतो आणि दोरावरून वर येतो. धाडस आहे, शिस्त आहे, संयमसुद्धा आहे. हे सगळे गुण एकाच कामाला जुंपलेले आहेत. तृष्णा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ताबा सुटलेला माणूस यायचा. इथे तृष्णाच माणसाला ताबा शिकवते आहे.

आता शेवट. १९४७ साल. विनायक थकला आहे आणि मुलाला, पांडुरंगाला, हीच विद्या शिकवतो आहे. मोहरा थोड्या थोड्या कशाला, अख्खा लंगोटच आणू, हे डोकं पांडुरंगाचं. दोघे पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात, आणि बाहुल्या जितक्या तितके हस्तर उभे राहतात. मुलाला वाचवण्यासाठी विनायक बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून दोरावर चढतो. पांडुरंग वर येतो तेव्हा बापाचं रूप पालटलेलं असतं. बाप तो लंगोट त्याच्यापुढे धरतो. ज्याच्यासाठी दोघे उतरले होते ते सगळं एका हातात आहे. आणि मुलगा ते घेत नाही. रडत रडत बापाला अग्नी देतो.

मला विचारायचं आहे ते हे. पांडुरंगाचा हा नकार बुद्धाने सांगितलेल्या निरोधाच्या, म्हणजे तृष्णा संपण्याच्या, जवळ जातो का? की भेदरलेलं पोर पळून जातं आहे, एवढंच? दोन्ही बाजूंनी विचार करून झाला, ठरत नाही.

दुसरा प्रश्न माझ्या मुलीचा आहे. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. थिएटरातून बाहेर पडताना तिने विचारलं, “इच्छा हेच दुःखाचं मूळ असेल तर मी हा अभ्यास कशाच्या जोरावर करायचा?” मी जे उत्तर दिलं त्याने तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही.


निरंजन_पाली

वसुधाताई, प्रश्न फार चांगला मांडला आहे. मी पाली शिकवतो, आणि हा चित्रपट विद्यार्थ्यांना आवर्जून बघायला सांगतो. त्याचं कारण धम्मपदातली एक गाथा, बुद्धवग्गातली, क्रमांक १८६:

न कहापणवस्सेन, तित्ति कामेसु विज्जति।
अप्पस्सादा दुखा कामा, इति विञ्ञाय पण्डितो॥

नाण्यांचा पाऊस पडला तरी कामनांची तृप्ती होत नाही. त्यांत गोडी थोडी आणि दुःख फार, हे शहाणा जाणतो. तुंबाडमध्ये पाऊस थांबत नाही आणि खाली गर्भात मोहरा झडत असतात. चित्रपट करणाऱ्यांच्या मनात ही गाथा होती असं मी म्हणणार नाही, त्याला काही आधार नाही. पण गाथा माहीत असलेल्या माणसाला तो चित्रपट वेगळा दिसतो.

हीच गाथा जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, मन्धातु जातकात (क्रमांक २५८) येते आणि ती कथा तुम्ही जरूर वाचा. मन्धाता राजाने डाव्या हाताची मूठ वळून तिला उजव्या हाताने स्पर्श केला की आकाशातून सात प्रकारच्या रत्नांचा पाऊस पडायचा, गुडघाभर. तरी त्याचं मन भरेना. याहून रमणीय जागा कुठली, असं विचारत तो चातुर्महाराजिकांच्या स्वर्गात गेला. तिथूनही वर तावतिंस स्वर्गात. सक्काने, म्हणजे देवांच्या राजाने, त्याला अर्धं राज्य दिलं. ३६ सक्क आले आणि गेले, मन्धाता तिथेच राज्य करतो आहे. मग त्याच्या मनात आलं, अर्ध्या राज्याने माझं काय होणार, सक्काला मारून सगळंच घेतो. सक्काला काही मारता येत नाही. पण त्या विचारासरशी मन्धात्याला म्हातारपण आलं. माणसाचा देह देवलोकात पडत नाही, म्हणून तो खाली आला, स्वतःच्याच उद्यानात, आणि तिथे मेला. मरताना लोकांना निरोप काय दिला? इतकं सगळं भोगून मन्धाता अतृप्त मेला, एवढं सांगा.

‘थोड्या मोहरा कशाला, लंगोटच आणू’ आणि ‘अर्धं राज्य कशाला, सगळंच घेऊ’. दोन्ही कथा इथेच मोडतात. दोघांकडेही त्या क्षणापर्यंत पुरून उरेल इतकं होतं. नाश कमतरतेने झालेला नाही.

हस्तरच्या भुकेविषयी तुम्ही जे लिहिलं त्यात एक भर घालतो. मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातल्या पोतलिय सुत्तात (५४) बुद्ध कामभोगांना एकामागून एक उपमा देतो. पहिली उपमा भुकेल्या कुत्र्याची. खाटिकाने त्याच्यापुढे मांस खरवडून काढलेलं, नुसतं रक्त लागलेलं हाड टाकलं. कुत्रा ते चघळत राहील, दमेल, कावेल, पण त्याची भूक काही भागणार नाही. पिठाच्या बाहुलीने हस्तरची भूक भागताना आपल्याला एकदाही दिसत नाही. प्रत्येक वेळी तो तेवढाच उपाशी असतो. आणि मोहरांनी विनायकाचंही तेच. मज्झिम निकायातच रट्ठपाल नावाचा भिक्खू कोरव्य राजाला सांगतो: ‘ऊनो लोको अतित्तो तण्हादासो’. जग उणं आहे, अतृप्त आहे, तृष्णेचं दास आहे. राजाला ते पटत नाही. मग रट्ठपाल विचारतो, पूर्वेकडे अजून एक संपन्न देश आहे, जिंकता येण्याजोगा, असं विश्वासू माणसाने येऊन सांगितलं तर काय कराल? राजा म्हणतो, जिंकू. मग पश्चिमेकडून तशीच खबर आली तर? तोही जिंकू. कुरू देशाचं राज्य घरात असलेला म्हातारा राजा हे सांगतो आहे.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे नंतर येतो. आधी इतरांचं ऐकू द्या.


सम्यक_वाट

वसुधाताई, निरंजनसर, जय भीम. वाचून आनंद झाला. पण एक बाजू सुटते आहे असं मला मनापासून वाटतं.

चित्रपट विनायकापासून सुरू होत नाही, त्याच्या आईपासून होतो. १९१८ साली ती वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारची सेवा करते आहे. कशी सेवा, ते आपण पडद्यावर पाहिलं. बदल्यात तिला हवी आहे एक मोहर. दोन पोरं, गळकं घर, बाहेर पाऊस, आणि आतल्या खोलीत साखळदंडात बांधलेली ती म्हातारी, तिला भरवण्याचं कामही हिच्याच गळ्यात. त्या बाईला जी मोहर हवी आहे तिला आपण तृष्णा म्हणणार का? तिची इच्छा आणि विनायकाची इच्छा एकाच मापाने मोजली तर आपण गरिबाला सांगू की तुझं दुःख तुझ्या हवेपणातून आलं आहे. हे बुद्धाचं म्हणणं नाही.

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘तृष्णात्याग म्हणजे धम्म’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. आणि त्याच ग्रंथात ते स्पष्ट करतात की भगवंतांनी दारिद्र्याला पुण्यस्थिती ठरवून त्याचा गौरव केलेला नाही, गरिबांना आहे त्यात समाधानी राहा असं सांगितलेलं नाही. संपत्तीचं स्वागतच आहे, फक्त ती मिळवताना विनय, म्हणजे आचाराचे नियम, पाळले पाहिजेत. तृष्णेबद्दल बोलताना हा भाग वगळला की धम्माचा अर्थच उलटा होतो.

दीघ निकाय या सुत्तसंग्रहात चक्कवत्ति सीहनाद सुत्त आहे (२६). राजा बाकी सगळं नीट करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढतं, दारिद्र्यामुळे चोरी, चोरीमुळे शस्त्रं, शस्त्रांमुळे हत्या, हत्येमुळे खोटं बोलणं. ही साखळी गरिबाच्या मनातल्या इच्छेपासून सुरू झालेली नाही, राजाने न केलेल्या कामापासून झाली आहे. तुंबाडच्या वाड्यात खजिना आहे अशी सगळ्यांना खात्री आहे, आणि वाड्याच्या मालकाची सेवा करणारी बाई एका मोहरेसाठी वर्षानुवर्षं झिजते आहे. विनायकाचा लोभ त्या घरात वाढला आहे. आईला एका मोहरेसाठी काय काय सोसावं लागलं ते त्याने लहानपणी बघितलं आहे.

आई मात्र मोहर हातात पडल्यावर थांबली, हे विसरू नका. धाकटा मुलगा गेला, ती विनायकाला घेऊन निघाली आणि पुन्हा तुंबाडला पाऊल टाकायचं नाही असं वचन घेतलं. खजिना शोधू म्हणून तो तिच्या मागे लागला होता, ती बधली नाही. निरोध शोधायचा असेल तर मी पांडुरंगाच्या आधी या बाईकडे बघेन. तिला पुरे कळलं. आणि तिचं कुणी नावही घेत नाही.

मुलीला माझा निरोप सांगा: अभ्यास सोडू नको. अंगुत्तर निकायात (८.५४) दीघजाणू नावाचा गृहस्थ बुद्धाला विचारतो, आम्ही बायकापोरांत राहणारी, चंदन-फुलं वापरणारी, सोनं-रूपं घेणारी माणसं, आमच्या हिताचं काही सांगा. बुद्ध पहिलीच गोष्ट सांगतो ती उट्ठानसंपदा: आपल्या कामात निपुण हो, आळस करू नको. मग मिळवलेलं जप, चांगल्या माणसांची संगत धर, आणि मिळकत बघून बेताने राहा. सोनं फेकून दे असं तो म्हणालेला नाही.


मीनल_पडदा

मी बौद्ध वाङ्मय फारसं वाचलेलं नाही, चित्रपट मात्र झपाटल्यासारखे बघते, त्यामुळे त्या बाजूने लिहिते.

मला हा चित्रपट बौद्ध वाटत नाही. त्यात हाव केली की शाप लागतो. हस्तरने स्पर्श केला की माणूस विद्रूप होतो, आणि मरतही नाही. म्हणजे बाहेरून कुणीतरी शिक्षा करतो आहे. माझ्या समजुतीप्रमाणे बुद्धाच्या विचारात असा शिक्षा देणारा कुणी नसतो. मग आपण हे दोन्ही जोडतो कशाला?

दुसरं असं की कॅमेरा विनायकाच्या बाजूचा आहे. तो खाली उतरतो तेव्हा त्याला मोहरा मिळाव्यात असं आपल्याला वाटतं. शेवटी त्या बाहुल्यांचा ढीग बघून थिएटरात माझ्या आजूबाजूची माणसं सरसावून बसली होती, मीसुद्धा. लोभ वाईट म्हणणारा चित्रपट दोन तास आपल्यातला लोभ जागा ठेवतो. त्यातली एक गोष्ट मात्र मला खरोखर खोल वाटते. आतल्या खोलीतली ती म्हातारी, पुढे जिच्या देहातून झाड उगवलं. तिला अमरत्व मिळालं आहे आणि ती मागते काय, तर मला जाळ. खजिन्याचं गुपित ती त्याच्या बदल्यात देते. विनायक ते ऐकतो, तिला जाळतो, आणि ज्या वाटेने तिचं हे झालं त्याच वाटेने खाली उतरतो. उत्तर समोर बसलेलं होतं.

आणि शेवटचं. निरंजनसर, चार आर्यसत्यांतलं चौथं सत्य मार्ग आहे ना? चित्रपटात मार्ग कुठे आहे? दुःख आहे, त्याचं कारण आहे, फार तर शेवटच्या मिनिटात नकार आहे. पुढे पांडुरंगाने जगायचं कसं, याबद्दल एक अक्षर नाही.


वसुधा_वाचते

तिघांचेही मनापासून आभार. सम्यकदादा, विनायकाच्या आईबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचून तो पूर्वार्ध पुन्हा पाहिला. मोहर घेताना तिच्या चेहऱ्यावर आनंद नाही. मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, सगळं लक्ष आतल्या खोलीतून येणाऱ्या आवाजाकडे होतं.

मीनल, शापाचा मुद्दा मला पटला आणि नाही पटला. हस्तरचा स्पर्श ही शिक्षा मानली तर तुझं बरोबर आहे. पण हस्तर कुणाला शोधत येत नाही. तो आपल्या जागी आहे. जे उतरतात त्यांनाच तो भेटतो. म्हातारी, राघव सावकार, विनायक, प्रत्येक जण स्वतःच्या पायांनी खाली गेला. आणि त्यांचं जे होतं तेही हस्तरचंच रूप आहे, संपत नाही अशी भूक. ज्याला लुबाडायला गेलात तेच झालात.

निरंजनसर, आता तुम्ही लिहाच. नकार की पळ?


निरंजन_पाली

मीनलताई, मार्ग चित्रपटात नाही, हे मला मान्य आहे. तो तिथे शोधू नये. पहिली दोन सत्यं दाखवणारी कथा रचणं सोपं नसतं, ‘तुंबाड’ने ते केलं, आणि त्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. सम्यकजी, आईबद्दल तुमच्याशी सहमत आहे आणि ते आता माझ्या वर्गात तुमचा हवाला देऊन सांगणार आहे.

आता पांडुरंग. दुःख कशातून कसं उगवतं हे सांगणाऱ्या प्रतीत्यसमुत्पादाच्या १२ कड्यांत स्पर्श, मग वेदना, मग तृष्णा, मग उपादान (घट्ट धरून ठेवणं) असा क्रम येतो. वेदना म्हणजे इथे सुखद, दुःखद किंवा तटस्थ अशी नुसती जाणीव. ती येणारच, डोळे-कान असेपर्यंत थांबत नाही. वेदनेतून तृष्णा मात्र प्रत्येक वेळी निघायलाच हवी असं नाही. साधना जी काही आहे ती या दोन कड्यांच्या मधल्या जागेत आहे.

विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिरात हे फार साध्या प्रकारे कळतं. तासभर न हलता बसायचं असतं. नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. आधी नुसती टोचणी. लगेच त्या टोचणीभोवती ‘ही जायला हवी’ असं काहीतरी घट्ट होतं, आणि आपण ठरवायच्या आत बोटं मांडीवरून उचलली जाऊ लागतात. हात उचलला नाही आणि नुसतं बघत राहिलं तर ती खाज वाढते, पसरते, तिची धार बदलते आणि कधीतरी ती नसते. ती गेल्याचं कळतं तेव्हा आश्चर्य वाटतं. त्या वेळात टोचणी आणि ‘जायला हवी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शरीराला कळतं. पुस्तकातून ते मला कळलं नव्हतं.

पांडुरंगापुढे लंगोट येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हे सगळं एकदम आहे. त्याला तो नकोच आहे असं मला दिसत नाही. काही वेळापूर्वी हेच त्याला जगात सर्वांत जास्त हवं होतं. फरक एवढाच की आता सोनं एकटं समोर आलेलं नाही. ते धरणाऱ्या हातासकट आलं आहे, आणि तो हात कुणाचा आहे हे त्याला माहीत आहे. तृष्णा वस्तू दाखवते तेव्हा तिच्या मागचं पुढचं कापून दाखवते. त्या क्षणी पांडुरंगाला सगळं अखंड दिसलं. धम्मपदाच्या त्या गाथेत ‘विञ्ञाय’ आहे, जाणून. जाणलं म्हणून हात पुढे गेला नाही. त्यात भीतीही होती, असणारच. पाप करण्याची लाज आणि त्याच्या फळाची भीती, हिरी आणि ओत्तप्प, यांना बुद्धाने जगाचे रक्षक म्हटलं आहे. भीती आहे म्हणून नकार खोटा ठरत नाही.

पण हा निरोध आहे का? माझं मत, नाही. धम्मपदातच तण्हावग्गात ३३८ वी गाथा आहे: मुळं धड आणि घट्ट असतील तर तोडलेलं झाडही पुन्हा फुटतं, तशी तृष्णेची सुप्त मुळं उपटली नाहीत तर हे दुःख पुन्हा पुन्हा उगवतं. म्हातारीच्या देहातून उगवलेलं झाड आठवा. पांडुरंगाने फांदी तोडली आहे, तीही फार मोठी. वाडा अजून उभा आहे, विहीर तिथेच आहे, बाहुली कशी करायची हे त्याच्या हातांना येतं, आणि घरी हात आखडला की ती वाट आठवणार आहे. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या पहिल्या प्रवचनात, तृष्णेला ‘पोनोब्भविका’ म्हटलं आहे, पुन्हा पुन्हा भवात आणणारी. विनायकाने मुलाला विद्या दिली तेव्हा त्याचा पुनर्जन्म त्याच्या हयातीतच सुरू झाला होता. मुलाने तो एकदा थांबवला. एवढं मी खात्रीने म्हणेन.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर संयुत्त निकायात (५१.१५) आहे, आणि प्रश्नही जवळजवळ तिचाच आहे. उन्नाभ नावाचा ब्राह्मण बुद्धाचा शिष्य आनंद याला विचारतो, तुम्ही हे सगळं कशासाठी करता? आनंद म्हणतो, इच्छा टाकण्यासाठी. कशाने टाकता? ऋद्धिपादांनी, म्हणजे साधनेच्या चार आधारांनी, आणि त्यांत पहिला छंद आहे, म्हणजे करण्याची इच्छाच. उन्नाभ म्हणतो, मग तर याला अंतच नाही, इच्छेने इच्छा कशी टाकणार! आनंद उलट विचारतो: या उद्यानात यायची इच्छा तुला आधी होती ना? इथे पोचल्यावर तिचं काय झालं? उन्नाभ म्हणतो, ती शमली. अभ्यासाची इच्छा अशी असू शकते. पोचल्यावर शमणारी. विनायकाची इच्छा प्रत्येक वेळी पोचली आणि एकदाही शमली नाही.


वसुधा_वाचते

हे मुलीला वाचून दाखवलं. उन्नाभाची गोष्ट तिला आवडली, पण तिने लगेच पुढचा प्रश्न काढला, तो तिच्याच शब्दांत देते: “उद्यान एकच होतं. माझ्या परीक्षेनंतर पद आहे, पदानंतर वरचं पद आहे. मधे कुठेतरी ती विनायकाची इच्छा होऊन जाईल, आणि मला वाटत राहील की मी अजून उद्यानाकडेच चालले आहे. हे पोचायच्या आधी कसं ओळखायचं?”


निरंजन_पाली

तिला दीघ निकायातलं महानिदान सुत्त (१५) वाचायला द्या. त्यात तृष्णेपासून पुढची एक वेगळी साखळी आहे, आणि ती तिच्या प्रश्नासाठीच सांगितल्यासारखी आहे. तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून याचं काय करायचं त्याचे बेत, बेतांतून आसक्ती, मग घट्ट धरणं, मग हे माझं असं वाटणं, मग कंजूषपणा, मग राखण. आणि राखणीतून काठ्या, शस्त्रं, भांडणं, चहाडी, खोटं. विनायकाचं सगळं चरित्र याच क्रमाने जातं. तो गुपित राखतो, राघव त्याच्या मागावर तुंबाडला येतो, आणि पुढे काय झालं ते आपण पाहिलं.

तृष्णा तिला आत दिसणार नाही, पण कंजूषपणा आणि राखण बाहेर दिसतात. तिने स्वतः काढलेल्या नोट्स मैत्रिणीने मागितल्यावर देताना काय होतं, तिथे बघायला सांगा. अभ्यासाची इच्छा असेल तर नोट्स देऊन तिचं काही कमी होत नाही, उलट समजावून सांगताना विषय पक्का होतो. द्यायच्या आधी दोन पानं काढून ठेवावीशी वाटली, किंवा मैत्रिणीचे गुण ऐकून आधी स्वतःचे आठवले, तर राखण सुरू झाली आहे. असं झालं म्हणून अभ्यास थांबवायचा नाही. ती दोन पानं परत घालायची आणि नोट्स देऊन टाकायच्या.